पिकोचं मशीन आत, आम्ही बाहेर : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : गृहकर्जाच्या वसुलीसाठी राहत्या घराला लागलेले कुलूप.

महोदय,
स. न. वि. वि.

१९ दिवसांपूर्वी सकाळी साडेदहाला तुमच्या खात्याचे मंडळ अधिकारी, तीन पोलीस आणि फायनान्स कंपनीची चार माणसं आमच्या दारात आली. दुपारी एकपर्यंत आमच्या वन बीएचकेला सील लागलं होतं. मुलीचा दहावीचा मराठीचा पेपर दोन दिवसांवर होता. आदल्या आठवड्यात मी तुमच्या खात्याच्या कार्यालयात जाऊन हात जोडले, तेव्हा साहेब म्हणाले होते, "ताई, पोरीची परीक्षा होऊ द्या, मग बघू." त्या शब्दावर विसंबून मी सामान बांधलं नाही. शब्द देणाऱ्यानं तो का मोडला, हे विचारायला परत गेले तर शिपायानं दारातूनच फिरवलं.

पंचनाम्यात गॅसची शेगडी लिहिली, लोखंडी कपाट लिहिलं, भिंतीवरचं घड्याळसुद्धा लिहिलं. आम्हाला अंगावरचे कपडे, दप्तरं आणि देव तेवढे बाहेर नेऊ दिले. मुलीचं हॉल तिकीट कपाटातच राहिलं होतं. ते आणायला मंडळ अधिकाऱ्यांना तीनदा विनवावं लागलं. माझं पिको-फॉलचं मशीन आत राहिलं. मशीनजवळ लोकांच्या ११ साड्या होत्या, त्याही आतच आहेत.

कर्ज बुडवायचं आमच्या मनात कधी नव्हतं. २०१८ साली १४ लाख काढले. हप्ता साडेतेरा हजारांचा. आमचे हे लूमच्या कारखान्यात दिवाणजी होते, माझं मशीन घरात. ७१ हप्ते एकही दिवस न चुकवता भरले, म्हणजे साडेनऊ लाखांच्या वर. दरम्यान मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला, तसा आमचाही व्याजदर चढला आणि न विचारता मुदत वाढली. पुढे मालकानं लूम भंगारात विकले, यांचा पगार थांबला आणि मे २०२४ पासून हप्ते थकले. मुद्दल किती फिटलं म्हणून पाहिलं, तर दीड लाखसुद्धा नाही.

घराच्या कागदावर माझं नाव का आहे, तेही सांगते. पंतप्रधान आवास योजनेत घर बाईच्या नावावर किंवा जोडनावावर हवं, अनुदान २ लाख ६७ हजारांपर्यंत मिळेल, असं सांगून कंपनीच्या माणसानंच फॉर्म भरून घेतला. अनुदान आलं नाही. माझं नाव मात्र जाहीर नोटिशीत छापून आलं, फ्लॅट नंबर आणि रकमेसकट. शेजारच्या काकूंनी पेपर आणून दाखवला तेव्हा आम्हाला कळलं. त्या दिवसापासून पाणी भरायलाही मी अंधार पडल्यावरच खाली जात होते.

९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मग सरफेसी कायद्याची, म्हणजे कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस, तीही थकलेल्या हप्त्यांची नाही, अख्ख्या कर्जाची. आमच्याकडे ११ पानं आली, सगळी इंग्रजीत. आमच्या घरात इंग्रजी वाचणारी एकच, तेव्हा नववीत असलेली पोर. तिला बसवून मी ती वाचून घेतली. आईबापाचं घर जाणार, हे तिनं आधी वाचलं आणि मग आम्हाला सांगितलं. याचं मला आजही जास्त वाईट वाटतं.

नोटिशीवर हरकत घेता येते आणि कंपनीला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी मराठीत चार पानं लिहिली. उत्तर आलं तीन ओळींचं. बांगड्या मोडून १ लाख १० हजार भरले, ते दंडात आणि खर्चात गेले. थकबाकी पूर्ण भरल्याशिवाय खातं सुधारत नाही, असं पैसे घेतल्यानंतर सांगितलं. मग दारावर कागद चिकटला, म्हणजे कागदोपत्री ताबा. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं, हे कळलं तेव्हा ते दिवस उलटून गेले होते. दिवाणी कोर्टात तर या बाबतीत दादच मागता येत नाही.

आणि मग तुमचं खातं येतं, महोदय. कंपनी त्याच कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, सोबत नऊ मुद्द्यांचं प्रतिज्ञापत्र जोडते. ते पाहून ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत आदेश काढायचा. त्या कागदांत घरात राहणाऱ्याचा एक शब्द नसतो. जी महसूल कचेरी सात-बारावरच्या साध्या नोंदीसाठी आम्हाला नोटीस देऊन म्हणणं मांडायला बोलावते, ती राहत्या घराला कुलूप लावताना आम्हाला हाकसुद्धा मारत नाही. का?

कायदा केंद्राचा आहे, हे उत्तर मला पाठ झालंय. पण मंडळ अधिकारी राज्याचा आहे आणि पोलीसही राज्याचेच. मार्च २०२४ पर्यंतच्या दहा वर्षांत बँकांनी १६ लाख ३५ हजार कोटींची कर्जं निर्लेखित केली, म्हणजे आपल्या हिशेबाच्या वह्यांतून काढून टाकली, असं २०२५ मध्ये संसदेत सांगितलं गेलं. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालूच राहते, हेही तिथे प्रत्येक वेळी सांगतात. असेल. मग त्यातल्या कोणत्या बड्या कर्जदाराची पोर परीक्षेच्या तोंडावर जिन्यात बसून अभ्यास करत होती, ते एकदा आम्हाला सांगा. मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली की शंभरातले साठ-सत्तर रुपये सोडून द्यायला बँका तयार होतात. मी सहा महिन्यांची सवलत मागितली होती. एक रुपया सोडा म्हटलं नव्हतं.

आता लिलाव. १९ लाखांना घेतलेल्या घराची राखीव किंमत, म्हणजे लिलावातली कमीत कमी बोली, साडेतेरा लाख धरली आहे, असं कंपनीचा माणूस बोलून गेला. जास्त आले तर उरलेले आमचे, पण कमी पडले तर घर जाऊनही बाकी आमच्याच डोक्यावर. पूर्वी विक्री होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता यायचं. २०१६ च्या दुरुस्तीनं तो हक्क लिलावाची नोटीस छापून येईपर्यंतच ठेवला.

माझं मागणं फार नाही. आदेश काढण्याआधी ग्राम महसूल अधिकाऱ्यांमार्फत (पूर्वीचे तलाठी) घरी एक पानाची मराठी नोटीस द्या. त्यात ताब्याची तारीख लिहा, ४५ दिवसांची मुदत लिहा, न्यायाधिकरणाचा पत्ता लिहा. बाईला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही लिहा. १९८७ च्या कायद्यात ते आहे. मला ते कुलूप लागल्यावर, मावसबहिणीच्या घरी, परक्या माणसाकडून कळलं. कुणाच्या पोटापाण्याचं हत्यार, मग ते मशीन असो की हातगाडी, सीलच्या आत ठेवू नका. शाळेच्या परीक्षा चालू असताना ताबा घेऊ नका. आणि केंद्राकडे एवढं मांडा की कोल्हापूरकरांसाठी न्यायाधिकरणाचं कामकाज महिन्यातून चार दिवस तरी कोल्हापुरात चालवा. चाळीस वर्षांहून जास्त काळ झगडून ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं आलं. घर वाचवायला मात्र अजून पुणेच गाठावं लागतं. एका तारखेला एसटीचं भाडं, वकिलाचा वेळ आणि बुडालेला रोज.

प्रत्यक्ष ताबा घेतल्यावर दाद मागायला पुन्हा ४५ दिवस मिळतात. त्यातले १९ गेले, २६ उरलेत. कालपासून विधी सेवेच्या वकीलबाई कागद पाहताहेत. त्या ११ साड्यांमधली एक लग्नाची आहे, लग्न येत्या पंधरवड्यात आहे. तिची आई रोज फोन करते. निदान त्या साड्या आणि मशीन काढून द्यायला तुमच्या माणसाला सांगा. मी दाराशी उभी राहीन, आत पाऊल टाकणार नाही.

आपली,
एक सहकर्जदार,
कोल्हापूर जिल्हा