माळ्यावरचे स्क्रू

लेस्टर, इंग्लंड,
रविवार रात्र

प्रिय दिग्या,

स. न. वि. वि. (हसू नकोस, हाताला अजून हेच वळण आहे.) २०१९ च्या पुरात तुला केलेला फोन हाच आपला शेवटचा धड फोन. त्यानंतर मी फुलांचे फोटो पाठवायचे आणि तू अंगठा. चूक माझीच. माझी शुगर आहे तशी, हिचे गुडघे आहेत तसे. झाली तब्येत सांगून.

आज लिहायला बसलो, कारण दुपारी माळ्यावर तुझं अक्षर सापडलं.

घर विकायला काढतोय. जिना हिला झेपत नाही आणि गॅसचं बिल मला. इथे घर बाजारात आणायचं म्हणजे आधी ईपीसी, ऊर्जेचं प्रमाणपत्र. एक माणूस येतो, तासाभरात घर मोजून जातो, मग मार्क आणि ए ते जी ग्रेड. दहा वर्षं चालतं. २००९ ला घर घेतलं तेव्हाच्या कागदावर ४८ मार्क होते, म्हणजे ई. त्याची मुदत कधीच संपली. डी लागतो ५५ ला. सात मार्कांसाठी माझी झोप उडालीय बघ. बीजगणितात पस्तिसावर पेढे वाटणारा मी! भाड्यानं देण्यासाठी घेणाऱ्यालाही निदान ई हवाच, आणि २०३० पर्यंत तिथे सी करायचं सरकारच्या मनात आहे. म्हणजे गिऱ्हाईक आधी ग्रेड विचारणार, मग मागची बाग बघणार.

माणूस गुरुवारी येतोय. हिनं आठवडाभर घर असं घासलंय, जसा मुलगी बघायचा कार्यक्रम. कांदेपोहे करू का म्हणाली. म्हटलं, अगं, तो धूळ बघत नाही, तू दिवे किती जाळतेस तेही विचारत नाही. तो घर बघतो, माणसं नाही. बॉयलरचं मॉडेल कोणतं, रेडिएटरला आकड्यांचा व्हॉल्व्ह आहे का, पुढच्या खोलीतली जुनी शेगडी बुजवलीय की धुराडं उघडंच आहे. खिडकीच्या दोन काचांमधल्या पट्टीवर साल कोरलेलं असतं, ते मोबाइलच्या उजेडात वाचलं: २००४. बॉयलरची पावती दोन दिवस शोधली, शेवटी आरत्यांच्या पुस्तकात निघाली.

भिंतीचा निकाल तर तूच लावून गेलायस. बॅग हातातच, आणि फुटपाथवर उभा राहून विटा मोजत होतास. "एक लांब, एक डोक्याची. नऊ इंची भरीव. पोकळीच नाही तर ऊब राखायला आत भरणार काय?" समोरची म्हातारी पडद्याआडून बघत होती. तिला वाटलं कोर्टाची जप्ती आली.

राहिला माळा. २०१२ चा ऑगस्ट आठवतो? लोक ऑलिंपिकला आले होते आणि तुला मी थंडी अडवायच्या ग्लासवूलचे, म्हणजे काचेच्या लोकरीचे, रोल उचलायला लावले. हात खाजून खाजून लाल, आणि ही खालून विचारतेय, खोबरेल देऊ का. वाशांच्या मधे एक थर घातला आणि तू म्हणालास, आता दुसरा थर आडवा, वाशांवरून, आणि फळ्या त्याच्या वर, उंच पायांवर. मला सामान ठेवायची घाई. मखर, सुटकेसा, पोरीच्या वह्या. मी म्हणालो, "ही तुझी सांगलीची साईट नाही." तसं म्हणायला नको होतं. मग तू तोंड मिटलंस आणि स्क्रू पिळायला लागलास.

आता हा माणूस काही उचकटत नाही. डोळ्यांना किंवा कागदावर दिसेल तेवढंच धरतो, नाहीतर घराच्या वयावरून अंदाज. आणि व्हिक्टोरिया राणीच्या वेळच्या घराबद्दल कोण चांगला अंदाज करणार? रोलचं बिल हरवलेलं. म्हणून आज दोन फळ्या काढायला वर गेलो.

एका फळीला अकरा स्क्रू, दिग्या! जगात चार लावतात. त्यातल्या सहांची डोकी तू तेव्हाच गुळगुळीत करून ठेवलेली. तास गेला, अंगठ्याला फोड आला, तुला भरपूर शिव्या दिल्या. शेवटी फळी निघाली. पट्टी खुपसली तर बरोब्बर १००, आपली लोकर चपटीसुद्धा झाली नव्हती. आणि शेजारच्या वाशावर, तुझ्या कानामागच्या त्या पेन्सिलीनं:

१०० + १७० = २७०. मन्या ऐकत नाही.

२७० मिलिमीटर. आज इथले लोक हाच आकडा सांगतात. आधी मोठ्यानं हसलो. मग बराच वेळ तिथेच बसून राहिलो, ही खालून हाका मारत होती तरी.

कारण त्या दिवशी स्क्रू संपल्यावर तू आणखी एक बोलला होतास. "माळा करतोयस, म्हणजे तू काही परत येत नाहीस." त्यावरून मी दोन दिवस बोललो नाही आणि तू आधीच्या गाडीनं लंडनला गेलास. तर आम्ही पोरीजवळ रीडिंग गावी चाललोय, लहानसा फ्लॅट बघतोय. माळा नाही त्याला. सांगलीतल्या विश्रामबागच्या प्लॉटचं बोलायचंय, ज्याचं कुंपण तू इतकी वर्षं दर पावसाळ्यानंतर नीट करतोयस. या पत्रात नको. फोन करीन. खरंच करीन.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? बंटीच्या लग्नाची तारीख ठरली की कळव, आहेर तरी वेळेवर पाठवू. नवीन मिक्सर मशीन घेतलंस म्हणे, अभिनंदन.

आणि एक. गुरुवारी तो जाईपर्यंत फळी उघडीच ठेवतोय. नंतर बसवताना किती स्क्रू मारू? अकरा मारायची ताकद राहिलेली नाही.

तुझा,
मन्या