मुदत फक्त जवानालाच का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लष्करातून बाहेर पडताना ज्यांचा अपंगत्वाचा दावा फेटाळला जातो, त्या माजी सैनिकांना अपिलाच्या निर्णयासाठी किती काळ ताटकळावे लागते, याकडे आपल्या वृत्तपत्रातून लक्ष वेधू इच्छितो. मी लष्करात क्लार्क होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि गेली अकरा वर्षे सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात माजी सैनिकांचे अर्ज आणि अपिले लिहून देतो. एके काळी अशी नकाराची पत्रे मी टाइप करून पाठवीत असे. आता तशीच पत्रे लोकांना वाचून दाखवतो.

निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्ड अपंगत्व किती टक्के आहे हे ठरवते आणि ते लष्करी सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे बळावले का, हेही ठरवते. अपंगत्व २० टक्क्यांहून अधिक असले, तरी या दुसऱ्या रकान्यात ‘नाही’ पडले की पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग हातचा जातो. ‘सेवेमुळे आलेले नाही आणि बळावलेलेही नाही’ या इंग्रजी शेऱ्याची आद्याक्षरे जोडून कागदोपत्री ‘नाना’ असा शब्द झाला आहे. आमच्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा माणूस, त्यामुळे हा शेरा घरच्यांना समजावून सांगताना पंचाईत होते.

आमच्या तालुक्यातल्या, नाईक हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एका जवानाची फाइल मी पहिल्या दिवसापासून पाहतो आहे. भरतीच्या वेळी पूर्ण तंदुरुस्त असलेला हा माणूस सतरा वर्षांच्या नोकरीत राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मीरला राहिला, सियाचीनलाही जाऊन आला. जानेवारी २०१८ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा बोर्डाने उच्च रक्तदाबाचे ३० टक्के आजीवन अपंगत्व मान्य केले, पण आजाराची सुरुवात ‘शांतता क्षेत्रात’, म्हणजे मोहीम नसलेल्या छावणीत झाली, असे कारण देऊन दावा नाकारण्याची शिफारस केली. वास्तविक त्याचा वाढलेला रक्तदाब प्रथम नोंदला गेला तो फील्ड भागातल्या, म्हणजे मोहिमेवरच्या तैनातीच्या भागातल्या रुग्णालयात, आणि त्या कागदाची प्रत आम्ही नोव्हेंबर २०१८ च्या पहिल्या अपिलाला जोडली होती. उत्तर आले एप्रिल २०२१ मध्ये. मधले वर्ष कोरोनाचे होते हे मान्य. पण त्याआधीचे सोळा महिने कशात गेले? उत्तरात मूळ बोर्डाचे वाक्य जसेच्या तसे होते, इतके की छावणीच्या नावातली स्पेलिंगची चूकसुद्धा तशीच उतरली होती. आम्ही जोडलेल्या कागदाचा त्यात एका शब्दाने उल्लेख नव्हता. जुलै २०२१ मध्ये दुसरे अपील केले, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळले गेले. दोन अपिलांत मिळून साठ महिने गेले.

या साठ महिन्यांत त्याच्याकडून एकही मुदत चुकलेली नाही. नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत अपील केले पाहिजे, ही अट त्याला बजावून सांगितलेली असते आणि आमचे लोक ती रजिस्टर पोस्टाची पावती जपून ठेवून पाळतात. उलट बाजूने निर्णयाला दोन-अडीच वर्षे लागली, तर कोणत्याही टेबलाला त्याचा जाब द्यावा लागत नाही. मी स्वतः त्या टेबलामागे बसलेलो आहे, तेव्हा मनुष्यबळ अपुरे असते, फाइल तीन ठिकाणी फिरते, एक कागद कमी पडला की परत येते, हे सगळे मला ठाऊक आहे. तरीही जोडलेला कागद वाचायला साठ महिने लागत नाहीत.

सैनिकांच्या सेवा आणि पेन्शनच्या तक्रारी ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या कायद्यात अपिलाला सहा महिने उत्तर न आल्यास न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुभा आहे. मग हे लोक थांबतात कशाला, असे कोणी विचारील. एक तर महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी खंडपीठ मुंबईला. वकील, जाणे-येणे, मुक्काम हे नाईकाच्या पेन्शनीत बसवायचे असते. शिवाय वरिष्ठांपुढे अपील चालू असताना कोर्टाची पायरी चढणे त्याला बेअदबी वाटते. हे त्याचे शब्द आहेत, आणि ते ऐकून मला फारसे आश्चर्य वाटले नाही.

थांबण्याची किंमतही असते. तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये असे ठरवले की, उशिरा न्यायालयात आलेल्याला थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळेल. विभागाच्या उत्तराची वाट पाहत घरी बसलेल्या माणसाला हा नियम लागू करताना उशीर नेमका कोणाचा, हे तपासले गेले पाहिजे. पंधरा वर्षे पूर्ण करून आलेल्याला निदान सेवेची पेन्शन असते. पाच-सहा वर्षांच्या नोकरीनंतर आजारपणामुळे घरी पाठवलेल्या पोराचे हाल मी पाहिले आहेत. त्याच्यासाठी तर हे अपील हाच मुख्य आधार असतो.

कायदा काय म्हणतो, याबद्दल आता संदिग्धता उरलेली नाही. धरमवीर सिंग १९८५ मध्ये भरती झाले आणि अपस्मारामुळे १९९४ मध्ये त्यांना सेवेतून कमी केले गेले. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असे धरले जाईल, आणि तसे नाही हे सकारण दाखवण्याची जबाबदारी विभागाची राहील. हा निकाल आला २०१३ मध्ये, म्हणजे घरी पाठवल्यानंतर एकोणीस वर्षांनी. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली, तिने त्याच वर्षी अहवाल दिला आणि अपंगत्वाच्या प्रकरणांचा त्यात विस्ताराने विचार केला. एवढे होऊनही २०२१ चे उत्तर २०१८ च्या बोर्डाची नक्कल करते, तेव्हा अपील खरोखर वाचले जाते का, ही शंका येतेच.

दाव्यांचा गैरफायदा घेतला जातो, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो, आणि काही प्रकरणांत तो खराही असेल. पण खोटा दावा सहा महिन्यांतही फेटाळता येतो.

माझी मागणी फार मोठी नाही. अपील पोहोचल्याची पोच देतानाच निर्णयाची शेवटची तारीख त्या पत्रावर छापावी. ती उलटली, तर पुढच्या प्रत्येक महिन्याचे व्याज थकबाकीत धरावे, आणि नकार द्यायचा असेल तर अर्जदाराने जोडलेल्या प्रत्येक कागदाविषयी किमान एक वाक्य लिहावे. पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर आली आहे आणि हयातीचा दाखला घरबसल्या देता येतो. त्याच धर्तीवर आपले अपील कोणत्या टेबलावर आहे, हेही माजी सैनिकाला मोबाइलवर दिसले पाहिजे. वर उल्लेखिलेला नाईक सध्या एका साखर कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी करतो, आणि पोस्टमन सकाळी येतो म्हणून त्याने दिवसपाळी कधी मागितलेली नाही.

आपला,
एक निवृत्त सुभेदार,
जि. सातारा