भट्टीचा तळ

प्रिय दिनेश,

परसातल्या पावाच्या भट्टीचा आराखडा मिळाला. घुमट छान काढला आहेस, पण तळाच्या विटांखाली नुसती वाळू दाखवली आहेस ती बदल. वाळू उष्णता अडवत नाही, पिते. मग वरून करपलेला आणि बुडाला पांढराफटक पाव निघतो आणि लोक लाकडाला दोष देतात.

जांभ्याच्या तीन भिंतींची बैठक ठीक आहे. तिची उंची ३१ इंच ठेव. वर ४ इंच स्लॅब, ४ इंच इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आणि ३ इंच वीट आली की तळ ४२ इंचांवर बसतो, वाकावं लागत नाही. स्लॅबला १० मिमीच्या सळ्या, दोन्ही दिशांना ६ इंचांवर. ओतण्याआधी मधल्या भागात पाऊण इंची पाइपचे चार तुकडे उभे करून ठेव. चिपळूणचा पाऊस तुला मी काय सांगणार! ओल आत शिरणारच, तिला खाली उतरायला वाट हवी.

इन्सुलेशनला व्हर्मिक्युलाइट घे, कुंड्यांच्या मातीत घालतात तेच. प्रमाण वजनाने नाही, मापाने : सिमेंट एक, व्हर्मिक्युलाइट पाच. आतला व्यास ४० इंच धरलास तर भिंतीसकट ५२ इंचांचा गोल भरावा लागेल. त्याला सिमेंटची एक गोणी, म्हणजे सुमारे ३५ लिटर, आणि १७५ लिटर व्हर्मिक्युलाइट पुरतं. आधी सिमेंटची पातळ खीर करायची, मग त्यात व्हर्मिक्युलाइट हलक्या हाताने कालवायचं. मिक्सर नको, दाणे चिरडले की त्यांच्यातली हवा जाते आणि सगळा खर्च पाण्यात. मुठीत दाबल्यावर लाडू वळावा आणि दोन-चार थेंबच गळावेत. थापीने ठोकू नकोस, फळीने नुसतं सपाट कर. हा चार इंचांचा थर उष्णता अडवायला जवळजवळ तीन फूट काँक्रीटच्या तोडीचा आहे.

इथे मिस्त्रीशी वाजेल. स्लॅबसारखं यावरही तो रोज पाणी मारायला जाईल. मारू देऊ नकोस. तीन-चार दिवस प्लास्टिकखाली झाकून ठेव, मग उघडं करून किमान तीन आठवडे सुकव. रात्री वर काच ठेवून बघ. सकाळी खालच्या बाजूला दव दिसलं तर अजून थांब. ओला थर भट्टी तापू देत नाही, आणि घाईने जाळ केला तर वाफ तडे पाडून बाहेर पडते. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढ.

तळाला फायरब्रिक, म्हणजे उष्णता सोसणारी वीट, ९ × ४॥ × ३ इंच. आयएस ६ या भारतीय मानकाची, मध्यम उष्णतेची पुरते. पांढरी, हलकी इन्सुलेशनची वीट कुणी गळ्यात मारली तर घेऊ नकोस : ती मऊ असते, फावड्याने झिजते आणि उष्णता साठवत नाही. हिशेबाने ३१ विटा लागतात, कापण्यात फुटतील म्हणून ३८ आण. दोन विटा एकमेकींवर वाजवून घे, बद्द आवाज आला तर बाजूला काढ.

बारीक वाळू आणि फायरक्ले (उष्णता सोसणारी माती) समसमान, जेमतेम ओलं करून पाव इंच पसर. त्यावर विटा कोरड्याच, न भिजवता, एकमेकींना भिडवून बसव. सांध्यात सिमेंट नको, त्या तापमानाला ते भुगा होतं. फटी राखेने आपोआप भरतात. विटा तोंडाशी ४५ अंशांत तिरक्या लाव, म्हणजे फावडं कुठल्याच कडेला सरळ अडत नाही. बसवतानाच प्रत्येक सांध्यावरून बोट फिरव. वर आलेली वीट उचलून खालचा माल कमी कर, हातोड्याने दाबून बसवलीस तर शेजारची उठते.

घुमट या विटांवर उभा करू नकोस, तळाबाहेर, थेट इन्सुलेशनवर उभा कर आणि मध्ये पाव इंच फट सोडून राख भर. तळ तापून फुगतो. जागा नसेल तर घुमटाच्या पहिल्या थराला रेटतो. शिवाय दहा वर्षांनी मधली वीट झिजली तर ती एकटीच काढता येते.

व्हर्मिक्युलाइट ओतायच्या आधी पाइपच्या तोंडांवर जाळीचा तुकडा ठेवायला विसरू नकोस, नाहीतर माल खाली गळेल.

तुझा,
अविनाश