मोटारीच्या कारखान्याची भेट : मित्रास पत्र

सातारा,
दि. ८ डिसेंबर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

चाकणचा मोटारींचा कारखाना पाहून आल्यावर सविस्तर लिहीन, असे तुला फोनवर सांगितले होते. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील आम्हा लहान कारखानदारांच्या गटासाठी ही भेट ठरली होती. दारातच मोबाइल जमा करून घेतले, पोलादी टोकाचे बूट आणि चष्मे दिले आणि पिवळ्या पट्ट्यांच्या आतच चालायचे, अशी ताकीद दिली. माहिती सांगायला एक तरुण अभियंता होती. ती कराडची असून सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात शिकलेली निघाली, तेव्हा आमच्यातील कित्येकांना विलक्षण आनंद झाला. ज्या वालचंद हिराचंदांचे नाव त्या महाविद्यालयाला आहे, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढून या देशात मोटार बनवण्याचा ध्यास घेतला होता. त्यांच्या नावाच्या महाविद्यालयातून निघालेली आपल्या भागातील मुलगी आज मोटारीचा कारखाना इतक्या अधिकाराने समजावून सांगते, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

प्रथम प्रेस शॉप पाहिले. पोलादी पत्र्याची अजस्र गुंडाळी उलगडून तिचे तुकडे कापले जातात आणि एकापुढे एक उभ्या असलेल्या प्रेसमधून जाताना त्या सपाट तुकड्याचा दरवाजा किंवा बॉनेट होते. पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, पण त्याला आकार देणाऱ्या डाया, म्हणजे साचे, कित्येक टन वजनाच्या, आणि प्रत्येक ठोक्याला पायाखालची फरशी हादरते. माझे लक्ष मात्र प्रेसपेक्षा ओळीच्या शेवटी, प्रखर दिव्यांखाली उभ्या असलेल्या कामगारांकडे गेले. पातळ हातमोजा घातलेला तळवा ते प्रत्येक पत्र्यावरून संथपणे फिरवत होते. डोळ्याला न दिसणारा खळगा किंवा उंचवटा तळव्याला कळतो आणि रंग चढल्यावर तोच खळगा उन्हात लखलखीत दिसतो. इतक्या महागड्या यंत्रांच्या शेवटी अखेरचा निर्णय सरावलेल्या हाताचा, हे पाहून मी तिथे बराच वेळ रेंगाळलो.

पुढच्या भागात पत्र्याचे तुकडे जोडून मोटारीचा सांगाडा उभा करतात. तिथे माणसे थोडी आणि रोबो पुष्कळ आहेत. तांब्याची दोन टोके पत्र्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात, क्षणार्धात हजारो अँपिअर वीज सोडली जाते आणि मधला पत्रा तेवढ्याच ठिपक्यापुरता वितळून एकजीव होतो. एका सांगाड्यावर असे काही हजार ठिपके पडतात. बाकीची मंडळी ठिणग्या पाहत होती आणि मी तांब्याची टोके पाहत होतो, कारण ठरावीक ठिपक्यांनंतर रोबोचा हात आपणहून बाजूला वळून एका लहान कटरमध्ये ती टोके तासून घेत होता आणि पुन्हा कामाला लागत होता. लेथवर ज्याने टूल बोथट होईपर्यंत ओढलेले पाहिले आहे, त्यालाच या शिस्तीचे मोल कळेल.

रंगशाळेत पाहुण्यांना सोडत नाहीत, कारण कपड्यांवरची धूळदेखील रंगात बसते. काचेतून जेवढे दिसले तेवढे पाहिले. रंगाच्या हौदात अख्खा सांगाडा बुडवून त्यातून वीज खेळवतात, त्यामुळे गंजरोधक थर पोकळ भागांच्या आतपर्यंत जाऊन चिकटतो आणि मग तो भट्टीत भाजतात. आपल्या महाबळेश्वरच्या पावसात वर्षानुवर्षे उभी राहणारी गाडी खालून का सडत नाही, याचे उत्तर त्या हौदात आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले, तिच्याकडे येतो. रंग झाल्यावर सांगाड्याचे दरवाजे काढून दुसऱ्या ओळीवर पाठवतात, म्हणजे आत वाकून काम करणाऱ्याला अडचण होत नाही, आणि अगदी शेवटी त्याच गाडीचे दरवाजे तिलाच परत बसवतात. सांगाडा माथ्यावरून झुलत येतो, इंजिन आणि चाकांचा भाग खालून वर उचलला जातो आणि दोन्ही जुळतात, त्या जागेला कारखान्यात मॅरेज म्हणतात. हे सारे सरकत्या पट्ट्यावर चालू असते आणि कामगार पट्ट्याबरोबर चालत आपले काम पुरे करतो. त्याच्या डोक्यावर एक दोरी असते. नट नीट बसला नाही, तार चुकीच्या जागी गेली, असे काही आढळले की त्याने ती ओढायची. वरच्या फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो आणि ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही तर सगळी ओळ थांबते. आमच्यासमोर एका मुलाने दोरी ओढली. वयाने वीस-बावीसचा असेल. प्रमुख आला, दोघांनी वाकून पाहिले, काहीतरी बदलले आणि दिवा विझला. कोणी आवाज चढवला नाही, कोणी त्याला जाब विचारला नाही.

सरकती ओळ हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली सुरू झाली आणि ज्या चॅसीच्या, म्हणजे मोटारीच्या खालच्या चौकटीच्या, जुळणीला बारा तासांहून अधिक वेळ लागत असे, ती सुमारे दीड तासात होऊ लागली. पण ती ओळ थांबवण्याचा अधिकार कामगाराला देण्याची रीत रुजवली ती जपानच्या टोयोटाने, आणि तिचे मूळ तुझ्या धंद्यात आहे, दत्ता! साकिची टोयोडा हा माग बनवणारा माणूस. सूत तुटताच आपोआप थांबणारा माग त्याने घडवला, म्हणजे खराब कापड विणलेच जाणार नाही आणि एका माणसाला अनेक माग सांभाळता येतील. १९२४ साली त्याने सिद्ध केलेल्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने विकत घेतले. मोटार कंपनी पुढे १९३७ साली त्याच्या मुलाने, किइचिरोने, स्थापन केली. परंतु दोष दिसला की तिथेच थांबायचे, ही शिकवण मागावरून थेट मोटारीच्या ओळीवर आली.

हे ऐकल्यापासून मला आमच्या वसाहतीतील कामाची रीत डोळ्यांपुढे दिसते आहे. लोखंडाच्या ओतकामाची आपल्या मुलखाला जुनी ओळख आहे. १९१० साली उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर तयार होत होते. तरीही लहान कारखान्यांतून आजही असेच चालते की, कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, पोकळी असली तरी तो भाग तीन मशिनांवरून फिरतो, त्याच्यावर टूल झिजते, वीज खर्च होते आणि शेवटच्या तपासणीत तो भंगारात जातो. पहिल्या मशिनवरच्या मुलाला ती पोकळी बहुधा दिसलेली असते. तो बोलत नाही, कारण त्याची मोजदाद नगांवर होते आणि मशिन थांबवणाऱ्याकडे कोणी चांगल्या नजरेने पाहत नाही. रोबो आम्हाला परवडणार नाहीत, पण ही दोरी परवडते. तिला पैसा लागत नाही; मालकाने आपल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, आणि मला वाटते की तेच अधिक कठीण आहे.

येत्या महिन्यापासून माझ्या शेडमध्ये प्रत्येक मशिनवर लाल दिवा बसवणार आहे आणि पोकळी दाखवून थांबलेल्या वेळेचा पगार कापला जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगणार आहे. त्याआधी विट्याला येऊन तुझे माग पुन्हा एकदा नीट पाहायचे आहेत. बाण्याचे आडवे सूत तुटल्यावर माग कसा थांबतो हे मी पाहिले आहे; ताण्याचे उभे सूत तुटले तर तो आपोआप थांबतो की तुझ्या माणसाला ते नजरेने पकडावे लागते, आणि एक माणूस किती माग सांभाळतो, हे मला कळव. रविवारी माग बंद असतात, म्हणून शनिवारी येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शिरीष