सहीची पारख: आधी वस्तू, मग अक्षर

महोदय,

खेळाडूंच्या सह्या खऱ्या की बनावट हे ठरवणाऱ्यांच्या व्यवसायावरचा लेख आपल्या करिअर पुरवणीत वाचला. विषय निवडलात हे चांगलेच झाले. मात्र तीक्ष्ण नजर आणि खेळाची आवड एवढ्या भांडवलावर या क्षेत्रात उतरता येते, हा लेखाचा सूर पटला नाही. आवड तर इथे बऱ्याचदा आडवीच येते. समोरची सही बेब रूथ या जुन्या अमेरिकी बेसबॉलपटूची असावी असे एकदा मनाने घेतले, की तपासणारा विसंगती सोडून साम्येच वेचू लागतो.

तपासणीची सुरुवात अक्षरापासून होत नाही, वस्तूपासून होते. बॉलपेन सर्रास वापरात आले ते १९४५ नंतर. बेसबॉलपटू लू गेरिग १९४१ मध्येच वारला, म्हणजे बॉलपेनने केलेली त्याची सही खोटीच. शार्पी मार्कर १९६४ मध्ये बाजारात आला, म्हणजे त्याआधीची सही त्याने केलेली असूच शकत नाही. मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या नियमित हंगामाच्या चेंडूंवर आयुक्त बड सीलिग यांचे नाव २००० पासून छापले जाऊ लागले. बेसबॉलपटू मिकी मँटल १९९५ मध्ये गेला आणि जो डिमॅजिओ १९९९ मध्ये. अशा चेंडूवर या दोघांपैकी कुणाची सही दिसली तर भिंग उचलायचेही कारण नाही. कागदाचेही तसेच. १९५० च्या आसपासपासून कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने मिसळू लागले आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली तो कागद निळसर पांढरा चमकतो. उलट, कागद चमकला नाही म्हणून सही जुनी ठरत नाही. जुन्या पुस्तकाचे कोरे पान फाडून घेणे बनावट सह्या करणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले असते. जर्सीवर हा दिवा फारसा कामाचा नाही, कारण कपड्याच्या साबणातही तीच रसायने असतात आणि एका धुण्यात जुना कपडाही चमकू लागतो.

घडी पडलेल्या कागदावर सही घडीला ओलांडून गेली असेल तर तो सांधा सूक्ष्मदर्शकाखाली १० ते ४० पट मोठा करून नीट पाहावा. सही आधी आणि घडी नंतर असेल तर शाईची रेघ तंतूंबरोबर तुटलेली दिसते. घडी आधीची असेल तर उघड्या पडलेल्या तंतूंत शाई झिरपून दोन्ही बाजूंना पसरते. चामड्याच्या भेगांतही हेच पाहायचे. भेगेच्या तळाशी शाई सापडली, तर चेंडू जुना असला तरी सही बहुधा नंतरची.

मग रेघ. सराईत हात पेन हवेत असतानाच फिरू लागतो, म्हणून सहीचे आरंभ आणि शेवट निमुळते असतात. नक्कल करणारा पेन टेकवतो, थांबतो, मग काढतो. त्यामुळे टोके बोथट होतात, वळणावर हात अडखळतो आणि दाब सगळीकडे सारखा पडतो. गिरवलेल्या सहीत तिरप्या उजेडात पेन्सिलची खाच किंवा खोडरबराने उसवलेले तंतू दिसतात. ऑटोपेन, म्हणजे साठवलेली सही पेनाने उमटवणारे यंत्र; त्याची सही ओळखायची खूण वेगळी: दोन सह्या एकावर एक तंतोतंत बसल्या तर संशय घ्यावा, कारण माणूस दोनदा हुबेहूब तशीच सही करत नाही.

कंप दिसला की बनावट, असेही मात्र नाही. मुष्टियोद्धा मोहम्मद अलीला पार्किन्सन्स (कंपवात) असल्याचे निदान १९८४ मध्ये झाले; पुढे त्याची सही आक्रसत गेली. आजाराच्या कंपात अक्षरांचे जोड आणि क्रम जुन्या सवयीनेच येतात. नकलेच्या कंपात नेमके तेच चुकतात, आकार मात्र सुबक असतो. म्हणूनच आकाराचे साम्य सर्वांत शेवटी पाहायचे.

नवशिक्याने एक खेळ, एक कालखंड आणि मोजके पाच-सहा खेळाडू निवडावेत. करार, धनादेश, तारीख असलेली पत्रे यांतून नमुना सह्या जमवाव्यात आणि त्या कालानुक्रमे लावाव्यात. लिलावात 'प्रमाणित' म्हणून विकल्या गेलेल्या सह्या नमुने म्हणून वापरू नयेत. त्यांतली एक जरी खोटी असली तरी पुढची प्रत्येक तुलना तिच्याच मापाने होत राहते. हा धोका पुस्तकी नाही. १९९९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये जी टोळी पकडली, तिच्या मालाबरोबर रीतसर प्रमाणपत्रे होती. त्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही निघाले!

लेखाने दोन वेगळी कामे एकत्र केली आहेत. मेजर लीग बेसबॉलच्या २००१ पासूनच्या योजनेत प्रमाणक सही होताना प्रत्यक्ष हजर असतो आणि वस्तूवर क्रमांक असलेला होलोग्राम चिकटवतो. तिथे अक्षर कुणी तपासतच नाही. ती साक्ष आहे. नंतर हातात आलेल्या सहीवर दिले जाते ते मत. अहवालात हा फरक स्पष्ट लिहिला पाहिजे आणि 'मत देता येत नाही' हा पर्याय खुला ठेवला पाहिजे. फोटोवरून दिलेले मत प्राथमिकच समजावे, कारण त्यात दाब आणि रेघांचा क्रम कळत नाही.

प्रशिक्षणाबद्दल लेखात अवाक्षरही नाही. न्यायसहायक दस्तऐवज परीक्षकांच्या अमेरिकन बोर्डाचे प्रमाणपत्र हवे असेल तर पदवी आणि दोन वर्षांचे पूर्णवेळ प्रशिक्षण लागते. संग्राहकांच्या बाजारात मत द्यायला मात्र परवाना लागत नाही. तेव्हा प्रमाणपत्र देणारा स्वतःही तोच माल विकतो का, आणि मत चुकीचे ठरल्यास भरपाई कोण देणार, हे दोन प्रश्न ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी लेखी विचारावेत.

– एक दस्तऐवज परीक्षक