शेजारच्या काकूंना, कूलर बंद ठेवल्याबद्दल

काकू, सप्रेम नमस्कार.

अल्बम निघाला. त्यात तुमचं नाव टाकतो म्हटलं तर 'माझं काय काम त्यात?' म्हणालात. म्हणून हे पत्र.

गाणी अकरावी-बारावीतल्या एकटेपणाची आहेत. क्लासमध्ये दर टेस्टनंतर मार्कांप्रमाणे बाकं बदलायची. शेजारच्याशी ओळख होईस्तोवर तो पुढच्या बाकावर गेलेला असायचा. तिथल्या समुपदेशकांकडे गेलो, तर 'अभ्यासात मन रमव.' पुढे गाणी घेऊन एका स्टुडिओत गेलो, तर 'एवढं रडकं कोण ऐकणार? हिंदीत कर, खाली बीट टाक.' मग प्रतापनगरातली आपली खोलीच बरी. दाराखिडक्यांना गाद्या लावल्या आणि बसलो.

अशी गाणी ओरडून म्हणता येत नाहीत. पुटपुटत गायचं तर माइकचा गेन, म्हणजे आवाज टिपायची ताकद, वाढवावी लागते, आणि मग त्याला सगळंच ऐकू येतं. तुमच्या कूलरची घरघरसुद्धा. सॉफ्टवेअरनं ती पुसायला जावं, तर गाणाऱ्याचा श्वासही पुसला जातो. टास्कॅम कंपनीनं १९७९ साली चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर काढला, तेव्हापासून लोक घरच्या घरी एकावर एक आवाज चढवून अल्बम करताहेत. शेजारचा कूलर गप्प करणारं यंत्र मात्र अजून कोणी काढलेलं नाही.

तुम्ही कंपाउंडवरून विचारलंत, 'रात्री किती वाजता म्हणतोस रे गाणं?' मला वाटलं, झाली तक्रार सुरू. त्या रात्री मी माइक लावला आणि तुमचा कूलर बंद! नवतपा होता, काकू, मेअखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस. दिवसा पारा ४५ च्या वर, रात्रीही भिंतीला हात लावला तर चटका. काका गच्चीवर ओली चादर पांघरून, तुम्ही ओट्यावर हातपंखा घेऊन. नका करू असं सांगायला आलो, तर 'त्याले काय होते बाबू, तू म्हण' म्हणून परत पाठवलंत.

गाणं कशावर आहे, हेही विचारलं नाहीत. सोळाव्या वर्षी मला असंच कोणीतरी हवं होतं. खोदून न विचारता जरा सरकून जागा देणारं. वाईट अनुभव आला की आपण लगेच चार ओळी खरडतो, वर एकच तारा देतो. अशा माणसांबद्दल लिहायचं राहूनच जातं.

पेन ड्राइव्ह काकांकडे दिलाय, टीव्हीला लागतो. आवाज बारीक वाटला तर वाढवा. आणि ऐकताना कूलर खुशाल चालू ठेवा.

तुमचा,
बाजूच्या घरातला बाबू