कोरफड कुठेही जगते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरी लावण्याजोग्या औषधी वनस्पतींविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात 'कोरफड कुठेही आणि कशीही जगते' असे म्हटले आहे. महाराष्ट्रापुरते ते बव्हंशी खरे आहे. दाराच्या चौकटीवर मुळांसकट उलटी टांगलेली कोरफड मातीपाण्यावाचून कित्येक महिने हिरवी राहिलेली आपण सर्वांनीच पाहिली आहे. मात्र आपली पुरवणी आता दूरदेशीचे वाचकही वाचतात, आणि याच समजुतीपायी टोरांटोत मी माझी पहिली कोरफड गमावली, म्हणून हे पत्र.

ऑक्टोबरातल्या एका निरभ्र रात्री पारा शून्याखाली उतरला. सकाळी पाने ओल्या काचेसारखी दिसत होती. दुपारपर्यंत ती मऊ पडून कुंडीच्या काठावर लोंबू लागली. कोरफड मूळची अरबी द्वीपकल्पातली. तिथल्या कोरड्या उन्हात तगण्यासाठी ती पानांवरची सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडते आणि मिळेल ते पाणी गरात साठवते. या गरात 98 टक्क्यांहून अधिक पाणीच असते. ते गोठले की बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात, आणि असे पान नंतर कितीही ऊब दिली तरी सावरत नाही.

म्हणून थंड देशात कोरफड बाहेर ठेवूच नये, असे मुळीच नाही. इथे जूनमध्ये दिवस 15 तासांहून मोठा असतो आणि खिडकीत वर्षभर रेंगाळणारे रोप त्या उन्हात झपाट्याने भरते. फक्त ते जमिनीत न लावता कुंडीतच ठेवावे. मेच्या उत्तरार्धातला व्हिक्टोरिया दिन उलटेपर्यंत इथले बागप्रेमी नाजूक रोपे बाहेर काढत नाहीत. तोच नेम कोरफडीलाही लावावा. पहिला आठवडाभर कुंडी सावलीत ठेवावी, कारण एकदम कडक ऊन लागले तर पाने लालसर तपकिरी होतात. सप्टेंबरात रात्रीचे तापमान 10 अंशांखाली जाऊ लागले की रोप आत घ्यावे.

ओलाव्याकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागते. गारठ्यात भिजलेली माती वाळत नाही आणि मुळे कुजतात. त्यामुळे मातीची, तळाला भोक असलेली कुंडी घ्यावी, मातीत जवळजवळ निम्मी जाड वाळू मिसळावी आणि पावसात कुंडी वळचणीखाली सरकवावी. हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ठेवून तीन-चार आठवड्यांतून एकदाच, तेही माती पूर्ण कोरडी झाल्यावर, पाणी द्यावे.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठते तेव्हा तिथल्या वाचकांनाही कुंडी रात्रीपुरती ओसरीत घ्यावी लागेल. यापुढे अशा लेखांत प्रत्येक वनस्पतीला सोसवणारे किमान तापमानही छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, टोरांटो